सहा सिलिंडरची गाडी आणि मुरुडचं तळं

गॅरेजमध्ये भंगार साचतं, तसेच किस्सेही साचतात. भंगार निदान दिवाळीआधी कुणीतरी उचलून नेतं. किस्से कोणी नेत नाही, म्हणून मीच सांगायला बसले.

लातूरला माझ्या मामाचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. मी नववीत. वर्गात माझा आवाज निघत नाही, पण गॅरेजात मला मान आहे, कारण इंग्रजी वाचता येणारी तिथं मी एकटीच! मामा हैदराबादहून पार्ट आणतो, ते विदेशी मासिकांच्या पानांत गुंडाळलेले असतात. पार्ट जातात फळीवर, पानं येतात माझ्या इस्त्रीखाली. त्यांवर ग्रँड प्री शर्यतींच्या गाड्यांचे फोटो असतात. मी फोटोखालच्या ओळी वाचून दाखवायच्या आणि मामानं पान भिंतीवर चिकटवायचं.

सगळ्यांत मधे आहे ती जपानची सहा सिलिंडरची. इंजिन आपल्या इकडच्या गाडीएवढंच, अडीचशेचं, पण त्यात सहा सिलिंडर! एकेक सिलिंडर चहाच्या कपापेक्षा लहान. मामा सकाळी देवाला उदबत्ती ओवाळतो आणि जाता जाता तिलाही ओवाळतो.

नांदेडचे बलबीरसिंग सरदारजी, तेही गॅरेजवालेच, काही कामानं लातूरला आले की त्या पानासमोर उभे राहतात. "ये मुझे दे दे, यार!"

मामाचं उत्तर ठरलेलं. "जीव मागा, सरदारजी. ही न्हाई मिळायची!"

* * *

एका पानावर शर्यतीची सुरुवात होती. सगळे स्वार वाकून, गाड्या ढकलत पळत होते. कापडदुकानवाले बसवणप्पा, कपाळाला भस्माचे पट्टे, ते बघून हळहळले. "आरारा! यांच्या बी बंद पडल्या! सगळ्यांच्याच?"

मी हळूच वाचून सांगितलं, की शर्यत अशीच सुरू होते. इंजिन बंद ठेवायचं. झेंडा पडला की ढकलत पळायचं, इंजिनानं पकडलं की उडी मारून बसायचं.

अप्पांनी पान पुन्हा एकदा नीट बघितलं. त्यांच्या गाडीची किक मोडली होती आणि रोज बाजारातून ती ढकलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. मामानं विचारलं, "मग आप्पा, किक बसवू ना?"

"ऱ्हाऊ द्या! जगज्जेते बी ढकलूनच राहिलेत!"

* * *

दुष्काळात नळ कधी येईल सांगता येत नाही. गाड्या धुणं बंद. मामाचे जुने मिस्त्री गफूरचाचा, डोक्यावर कायम पांढरी टोपी, त्या कोरड्या फडक्यानं पुसतात. अशातच पाचशे सीसीची एक गाडी भिंतीवर आली. मी वाचलं, "हिच्या इंजिनाभोवती पाणी खेळवतात, म्हणून ते तापत नाही."

नेमकी मामी रिकामी घागर घेऊन दारात. "माणसाला घागरभर मिळंना, अन् ही पाणी पिऊन राहिली व्हय!"

घागर टेकवून ती फोटोजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"पण देखणी हाय बाई लई!"

* * *

एक गाडी अशी, की तिचा पिस्टन गोल नव्हता. लांबट! एका सिलिंडरला आठ व्हॉल्व्ह! चाचांनी हातातला पिस्टन फिरवून बघितला, मग फोटो, मग पुन्हा पिस्टन. जन्मभर गोलच बघितलेला माणूस. त्यांनी चपला काढल्या आणि जवळ जाऊन बघितलं.

"ही किती शर्यती जिंकली, बेटा?"

मी खाली वाचलं. "एकही ग्रँड प्री नाही, चाचा."

मामा हसायला लागला. चाचा हसले नाहीत. "हसू नको. आशी चीज जिंकायला न्हाई बनवत. आपल्यानं होतंय का, ते बघायला बनवतात."

* * *

आणि हा किस्सा आमच्या लातूरजवळच्या मुरुडचा. लातूर नवा जिल्हा झाला, म्हणून तिथल्या लोकांनी कोरड्या पडलेल्या तळ्यात मोटारसायकलींची शर्यत ठेवली. सरदारजी नांदेडहून आले आणि त्यांनी मामाला डिवचलं. "तुम्हारा जिल्हा तो अभी झूले में है! मैं जीता, तो छै सिलिंडर नांदेड!"

मामाला ताव चढला. "हाव! पण सुरुवात ग्रँड प्रीवानी. इंजिन बंद. ज्यानं त्यानं आपली ढकलायची!"

झेंडा पडला. स्वार ढकलत पळाले. पण आमच्याकडे बंद गाडी ढकलणारा माणूस दिसला, की कोणी नुसतं बघत उभं राहत नाही. काठावरची सगळी माणसं धावत खाली उतरली आणि दिसेल ती गाडी ढकलू लागली! कोण कुणाचं, काही कळेना. धूळच धूळ. मामाचं इंजिन सर्वांत आधी बोललं. तो उडी मारून निघालासुद्धा! मागे एकट्या सरदारजींची गाडी खोकत राहिली. मी मुठी आवळून बघत होते. तेवढ्यात त्या गाडीमागे एक ओळखीची पांढरी टोपी वाकलेली दिसली. गाडीनं पकडलं. शेवटच्या वळणावर सरदारजींनी मामाला गाठलं आणि मागे टाकलं.

मामा तावातावानं आला. "चाचा! कुणाची गाडी ढकलली तुम्ही?"

चाचांना प्रश्नच कळला नाही. "बंद होती ना, बेटा."

संध्याकाळी सरदारजी गॅरेजवर आले. मामानं ब्लेडनं, एक कोपराही न फाडता, पान सोडवलं. सरदारजींनी गुंडाळी करून सदऱ्यात ठेवली, बाहेर येऊन किक मारली. पुन्हा मारली. गाडी सुरू होईना.

चाचा उठले, पण मामानं हातानं त्यांना बसवलं. स्वतः रस्त्यावर उतरला, गाडीच्या मागे वाकला आणि कॅरियर दोन्ही हातांनी धरला.

"सरदारजी, सेकंड गिअर टाका. मी म्हणल्याबिगर क्लच सोडू नका!"