एकही माणूस सुटता कामा नये

माझा मामा वीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ एडिट करतोय. बंदुकांच्या ऑनलाइन गेमचे हायलाइट्स कापायला मी त्याच्याकडे शिकायला गेले, तिथेच माझं चुकलं. आमच्या चौघांच्या टीमचं सहा तासांचं रेकॉर्डिंग होतं. त्यातले माझे अचूक नेम तीन मिनिटांत बसवायचे, एवढंच काम.

पहिल्याच कटला मामाने माझ्या हातातून माउस काढून घेतला. "हा कोण?"

"आमच्यातलाच. दर वेळी सगळ्यात आधी मरतो. उडव त्याला."

"एक काका सुटला तरी लोक जन्मभर ऐकवतात. कुणाला उडवायचं नाही."

"मामा, हे लग्न नाहीये."

पालथ्या घड्यावर पाणी. माझे दोन झकास नेम कापून त्याने त्या बावळटाचं प्रत्येक मरण ठेवलं, वर नवरीच्या एंट्रीसारखं स्लो मोशनमध्ये. मी दात-ओठ खात बघत बसले.

संथ केल्यावर पहिल्यांदाच नीट दिसलं. गोळी दर वेळी माझ्यावर सुटलेली होती आणि तो मध्ये येत होता.

मामाने चष्मा पुसला. "बोल, उडवू याला?"