आपलीच नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजमापबाई म्हणत. एचआयव्ही झालेल्यांच्या रक्तात विषाणू किती उरलाय हे मोजणं तिचं काम. हात इतका पक्का, की अडलं की वरिष्ठ तंत्रज्ञही तिलाच हाक मारत. नवरा गेला तेव्हा तिच्याही रक्तात तोच विषाणू निघाला होता आणि सहा वर्षं ती स्वतः त्याच्या गोळ्या घेत होती, हे मात्र तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

शहरातल्या कुठल्याही दवाखान्यात रक्त दिलं तरी नळी फिरून तिच्याच टेबलावर यायची. नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. पण स्वतःचा क्रमांक कोण विसरतं? दर वर्षी ती आपली नळी इतरांच्या रांगेत लावायची आणि यंत्राकडे पाठ करून बसायची. निकाल ठरलेला असे: विषाणू आढळला नाही.

त्या वर्षी पडद्यावरची रेघ चढली. यंत्र रक्तातल्या विषाणूच्या खुणेच्या प्रती पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेतं. मुळात विषाणू जितका जास्त, तितकी रेघ लवकर वर जाते. आकडा आला सहा हजार दोनशे चाळीस.

तिने आधी शेजारच्या नळीवर संशय घेतला. तिथला आकडा लाखांत होता, एखादा थेंब उडाला असेल. पण निकाल आधीच माहीत असलेले पडताळणीचे नमुने बरोबर आले होते. फेरतपासणी मागावी तर वरिष्ठ विचारणार, हीच नळी का? दुपारच्या फेरीत एक जागा रिकामी होती. नियम मोडून तिने उरलेला नमुना गुपचूप तिथे लावला. पाच हजार नऊशे.

मग तिला स्वतःशी खोटं बोलता येईना. ती भावाच्या दोन खोल्यांच्या घरात राहायची. काही महिन्यांपूर्वी वहिनीची आई मांडीचं हाड मोडून मुक्कामाला आली होती, ती तिच्याच खोलीत. म्हातारीला चालता येत नव्हतं, पण डोळे घरभर फिरायचे. पर्सची चेन वाजली तरी काय काढतेस म्हणून विचारायची. रात्री आठची गोळी आधी एखादा दिवस चुकली, मग आठवड्यातून तीन-चारदा.

तिने निकालावर सही करून तो पाठवून दिला. चार दिवसांनी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंचा फोन आला. एकही गोळी चुकवू नका, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या, त्यांनी बजावलं. सहकारी आत डबा खात होते. तिने जिन्यात उभं राहून सगळ्याला नुसतं हो हो केलं.

त्याच संध्याकाळी तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि वहिनीला सांगितलं.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"सहा वर्षं झाली."

वहिनीने गॅस बंद केला. मग हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. आईला तर मुळीच नको. गोळी इथेच घेत जा, मी दाराशी उभी राहते."

आणि ती खरंच उभी राहिली, रोज. आठ वाजता गोळ्यांच्या डबीचा आवाज आत जाऊ नये म्हणून भांडी अशी आपटायची, की भांड्यांवर कसला राग काढतेस असं म्हातारीने आतून विचारलं. त्या दिवशी दोघी तोंडावर पदर धरून हसल्या.

पण आठवड्याभरात फडताळात एक वेगळा पेला आला, निळ्या काठाचा. वहिनीने तो तिच्यासमोर ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवली. पेल्यातून हे पसरत नाही, हे मोजमापबाईने कामावर नव्याने आलेल्यांना कितीदा समजावलं होतं. घरात मात्र तिने ते बोलायचं टाळलं. वहिनी दुखावली, तर दाराशी कोण उभं राहणार?

तीन महिन्यांनी तिची नळी पुन्हा टेबलावर आली. या वेळी ती पडद्यासमोर बसून राहिली. रेघ शेवटपर्यंत आडवी. विषाणू आढळला नाही.

घरी येऊन तिने वहिनीला सांगितलं. वहिनीने तिचा हात घट्ट दाबला, बरं झालं गं म्हणाली. मग पाणी आणलं, त्याच निळ्या काठाच्या पेल्यात. ती ते सगळं प्यायली.