पाटी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही

आमच्या घरात पुस्तक नव्हतं. मी वाचायला शिकले ती एसटी स्टँडवर. आईवडिलांना अक्षरओळख नव्हती, म्हणून गाडीची पाटी वाचायचं काम माझं. पुढे शाळेतल्या बाईंनी हात धरला म्हणून पदवीपर्यंत पोचले आणि बेंगळुरूत नोकरी लागली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण शनिवारी कोरमंगलाहून बस पकडून चामराजपेटेतल्या एका शाळेत मी मराठी वाचन घ्यायला जाते, ते त्यांच्यासाठीच.

तिथल्या मुलांच्या घरी मराठी बोलतात, पण वाचत कुणी नाही. गोष्टीची पुस्तकं उघडली की मुलं जांभया द्यायची. मग एकदा शाळेच्या संगणकावर नकाशा उघडला. त्यात गावात उतरून रस्त्याने चालल्यासारखं पुढे जाता येतं. मी नियम केला : स्टँडवर उतरायचं आणि दिसेल ती पाटी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"तुमचं गाव कोणतं?" मी सवयीने विचारलं.

"चामराजपेट!" सगळी एकदम ओरडली. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेले. त्यांना दुसरं गाव कुठलं?

एक मुलगी मात्र गप्प होती. मग हळूच म्हणाली, "माझ्या अम्माचं आहे, अक्का. सांगलीकडे."

तिची आई ती लहान असतानाच गेली होती. आजोळच्या माणसांशी पुढे बोलणं उरलं नाही. आईच्या घरी नेण्यासाठी ती वडिलांच्या मागे लागायची. "तिथल्या पाट्या तुला वाचता आल्या, की जाऊ," असं ते म्हणाले होते. बहुधा वेळ मारून नेण्यासाठी. तिने ते मनावर घेतलं. वहीत ती आईचा एक फोटो ठेवायची. निळ्या दारासमोरच्या पायरीवर उभी असलेली आई. घर मारुतीच्या देवळापुढे आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

नकाशात ती आईच्या गावच्या स्टँडवर उतरली आणि चालू लागली. रसवंती, किराणा, सायकल दुरुस्ती. 'केशकर्तनालय'पाशी अडली ती वर्ग संपेपर्यंत.

"ही अजून न्हाव्याकडेच!" मागून एक पोरगा म्हणाला.

"दाढी होऊ दे तिची!" दुसरा म्हणाला. वर्ग खिदळला.

"तू वाच बघू, शहाण्या," तिने मान न वळवता ऐकवलं. त्यालाही ते वाचता आलं नाही.

असे बरेच शनिवार गेले. अडखळणं कमी होत गेलं. न अडखळता तिला एक पूर्ण वाक्य वाचता यावं, एवढीच माझी इच्छा होती.

एका शनिवारी मारुतीचं देऊळ आलं. तिने चित्र पुढे सरकवलं. निळं दार, तीच पायरी. दाराला कुलूप आणि वर पांढरा रंगवलेला पत्रा.

"हे घर विकणे आहे," तिने वाचलं. एका दमात, कुठेही न थांबता.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता आली नाही.

"अक्का," ती म्हणाली, "विकणे आहे म्हणजे अजून विकलं नाही ना?"

चित्राच्या कोपऱ्यात ते कधी काढलं ते लिहिलेलं असतं. काही वर्षं उलटली होती. मी तिला ते दाखवलं. तिने तेही वाचलं.

तेवढ्यात तिचे वडील तिला न्यायला आले. दारातूनच त्यांना संगणकाचा पडदा दिसला. चप्पल काढायला वाकलेला माणूस तसाच राहिला.

"मला कुणी कळवलं नाही, अक्का," ते मला म्हणाले.

"अप्पा, मला पाट्या येतात," ती म्हणाली. "सगळ्या."

"सरी, पुट्टी." बरं, पोरी, असं ते कानडीत म्हणाले.

"मग कधी जायचं?"

ते मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. "आता तिथं कुणाकडे जायचं गं?" त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. तिने वही मिटली. दोघं गेली तेव्हा तिचं दप्तर वडिलांनी घेतलं होतं, एरवी ती घेऊ द्यायची नाही.

पुढच्या शनिवारी ती येणार नाही असं वाटलं होतं. ती आली. बाकीची मुलं कोल्हापूर, सातारा फिरत होती. ती पुन्हा त्याच स्टँडवर उतरली. रसवंती. किराणा. सायकल दुरुस्ती. 'केशकर्तनालय' न अडखळता म्हणाली. यावेळी मागून कुणी काही बोललं नाही. देवळाचा कळस दिसू लागला तशी ती थांबली, वळली, आणि पाट्या वाचत पुन्हा स्टँडकडे निघाली.

पुढे जा, असं मी म्हटलं नाही.