बुडणाऱ्या गावातल्या पेट्या

परक्याच्या घरात शिरून त्याची पेटी उघडायची नाही, हे शिकायला मला शाळा लागली नाही. तशीही शाळा मी चौथीतच सोडली. म्हणून नातीनं मला टीव्हीसमोर बसवून हातात ते दोन शिंगांचं रिमोट दिलं आणि म्हणाली, या घरात शिरा, कोपऱ्यातली पेटी उघडा, तेव्हा मी रिमोट खाली ठेवून दिलं.

“उघडा ना, आबाजी. सगळेच उघडतात. औषध रायते त्यात, पैसे रायते.”

“सगळे उघडत असतीन. मी नाई उघडत.”

नात नागपूरला शिकते. घरी येताना शहापूरजवळ हायवेवर तिची स्कूटी घसरली आणि पाय मोडला. तिचे आईबाप लाखनीला दिवसभर दुकानात असतात, घरी पाणी द्यायलाही कोणी नाही, म्हणून तिला प्लास्टरसकट आमच्याकडे आणून सोडलं. सोबत मैत्रिणीकडून मागून आणलेलं खेळाचं यंत्र होतं. हा खेळ जपानचा. तिच्या जन्माच्याही आधीपासून ते लोक त्याचे भाग काढत आले आहेत. प्रत्येक भागात मुलुख नवा, माणसं नवी, फक्त फाटक्या टोपीचा एक नावाडी सगळ्या भागांत असतो. तो नदी पार करून देतो आणि एकाच गोष्टीचं रडगाणं गातो, की त्याच्या नावेत पाणी शिरतं.

मी आधी त्या खेळाला नावंच ठेवली. पण दुपारी गोळी घेऊन तिला झोप यायची, आणि डोळे मिटण्याआधी ती म्हणायची, आबाजी, तोवर गावाबाहेरची जनावरं मारून ठेवा. मारता मारता मला त्यात रस वाटू लागला. त्या खेळात लढाईलाही पाळी असते. तुम्ही एक घाव घालायचा, मग थांबायचं, मग समोरच्यानं घालायचा. मधेच कोणी घुसत नाही. एवढा शिस्तीचा कारभार मी माणसांत फार पाहिला नाही. इंग्रजी मला येत नाही. ती वाचून सांगायची, आणि वरचं अक्षर ‘हो’ आणि खालचं ‘नाही’ एवढं मी डोळ्यात भरून ठेवलं होतं.

ते सुरुवातीचं गाव नदीकाठी होतं. घरांच्या छपरांवर आमच्या कवेलूसारखंच काहीतरी, मधे विहीर, आणि विहिरीवर एक म्हातारी बाई. तिच्याजवळ गेलं की ती म्हणायची, पाणी घेऊन जा बाबा, ऊन आहे. कधीही जा, हेच. नात म्हणाली, तिला दुसरं बोलताच येत नाही. मी म्हटलं, आमच्याही गावात विहिरीवर बसणाऱ्या बाया रोज तेच बोलत होत्या, त्यात काय बिघडलं? खेळ सुरू केला की मी आधी घरोघरी सगळ्यांना भेटून यायचो. आमची म्हातारी दारापुढच्या सपरीत तांदूळ निवडत बसलेली असायची. ती म्हणाली, “पंचायतीत जा म्हटलं तं गुडघे दुखतात, अन् टीव्हीत पाहा कसा पळून राहिला बुढा.”

मग एका दुपारी नातीनं उशीवर डोकं टेकता टेकता सहज सांगितलं.

“या गावात जीव नका लावू, आबाजी. हे बुडते. प्रत्येक भागात पयलं गाव जातेच.”

मी चहाचं निमित्त करून उठलो आणि घरामागच्या सांदवाडीत जाऊन नुसता उभा राहिलो. पोरीला काही कळू दिलं नाही.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. आता राहतो ते नवं गाव, सरळ रेघेत आखलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक काठावर जाऊन पाहून येतात, इथं देऊळ होतं, इथं चिंच होती. मी एकदाही गेलो नाही. लोक म्हणतात, बुढ्याचा राग अजून गेला नाही. म्हणू दे. राग आहे असं म्हटलेलं मला चालतं. खरं म्हणजे मला त्या पाण्याची भीती वाटते. पाणी एका झटक्यात आलं नव्हतं. सकाळी धानाच्या बांधीत होतं, मग रस्त्यात, मग ओसरीच्या पायरीला. ते हळू येणंच माझ्या अंगात बसलं आहे. आजही नळाखालची बादली भरत आली की मी उठून जातो.

खेळात एक पुजारीण होती. तिच्या देवळात दिवा लावायचा होता. ती विचारायची, लावू का? ‘हो’ म्हटलं की कथा पुढे सरकणार आणि पाणी येणार. मी दरवेळी खालचं अक्षर दाबत होतो. ती म्हणायची, बरं, उद्या ये. मी उद्याही खालचंच दाबायचो. मनात हिशेब असा होता, की आपण जनावरं मारून मारून इतकं दांडगं व्हायचं की पाणी आणणारा जो कोणी असेल, त्याला वेशीवरच अडवायचं. नातीनं समजावलं, कितीही ताकद वाढवा, ते होणारच आहे, ठरलेलं आहे. ‘ठरलेलं आहे’ हे आम्हाला याआधीही सांगून झालं होतं.

त्या खेळाच्या गाण्यामागे नदीचा आवाज होता. आधी तो मला ऐकूच आला नव्हता. आता दुसरं काही ऐकू येईना. लाइट गेली की वाटायचं, अंधारात तिथं काय चाललं असेल. यंत्र बंद केल्यावर मी त्याच्यावर दुपट्टा टाकून ठेवायचो. धूळ बसते, असं सांगायचो. एक दिवस न राहवून विचारलं, आपण बंद केल्यावर तर पाणी येत नाही ना?

ती हसली नाही.

“तुमी ‘हो’ म्हटल्याशिवाय पानी येतच नाई, आबाजी.”

“आमी तरी कुठं ‘हो’ म्हटलं होतं वं?”

तिचा जन्म लाखनीचा. जुनं गाव तिनं आईच्या कडेवरून पाहिलं असेल तेवढंच. त्या दिवशी तिनं पुढं खेळा असं म्हटलं नाही, आणि नंतरही नाही.

पण तिचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालू लागली, परत जायचं ठरलं. यंत्र मैत्रिणीचं, तेही जाणार. मी म्हटलं, बरंच झालं, गाव आहे तसं राहील. ती अडखळत म्हणाली की तसं राहणार नाही. मैत्रीण हा खेळ नव्यानं लावेल आणि पहिल्याच दिवशी ‘हो’ दाबेल. सगळे तसंच करतात.

मला रात्रभर तेच दिसत राहिलं. कोणी पोर येईल, विहिरीवरच्या बाईकडे न पाहता सरळ देवळात जाईल, आणि घरं भरलेली असतानाच पाणी आत शिरेल.

जुनं गाव सोडताना आमच्याकडे कोणी रिकाम्या हातानं निघालं नव्हतं. लोकांनी दारं चौकटीसकट काढली, छपराचे फाटे काढले, कवेलू एकेक करून उतरवले. ज्याच्या घरी काढणारं कोणी नव्हतं, त्याच्या घरात शेजारी शिरले आणि सामान बाहेर आणून ठेवलं. विचारायचं कोणाला आणि कशाला? शेवटी आमच्या म्हातारीनं रिकामं घर शेणानं सारवलं. मी ओरडलो होतो, की उद्या पाण्यात जाणारी जमीन कायले सारवतं? ती कोपऱ्यापर्यंत सारवत गेली.

निघायच्या दिवशी सकाळी नातीला म्हटलं, “लाव. पेट्या उघडून घेऊ.”

“तुमी तं नाई म्हणत होते.”

“तवा ती चोरी होती. आता सामान काढाचं हाय.”

मी एकही घर सोडलं नाही. पेट्या, मडकी, माळे, सगळं पाहिलं. ती वाचत गेली: औषध, दोरी, पितळी अंगठी, पोराचा जोडा. विहिरीवरच्या बाईच्या घरात लाकडी फणी निघाली. मग बाईजवळ गेलो. पाणी घेऊन जा बाबा, ऊन आहे.

देवळात माझा अंगठा हलेना. नातीनं हात पुढे केला, दाबू का म्हणून. मी तिचा हात बाजूला सारला. आपल्या हातानं वरचं अक्षर दाबलं.

गाणं थांबलं, नुसता पाण्याचा आवाज उरला. आणि ते हळूच आलं. ज्यानं कोणी ते बनवलं, त्यानं कुठंतरी पाहिलं असलं पाहिजे. आधी वाटेवर चमकलं, मग विहिरीच्या कठड्याला लागलं, मग दारातून आत गेलं. उठून जायचं होतं, पण पोरीसमोर उठणार कसा. तेवढ्यात म्हातारी सुपासकट दारात येऊन उभी राहिली. टीव्हीत एका घराचं छपर तेवढं वर उरलं होतं.

“कोनाचं घर होय ते?” तिनं विचारलं.

ती थोडा वेळ पाहून आत गेली.

पुढं एका टेकडीवर तंबू लागले होते, सरळ रेघेत. माणसं वाचली होती. विहिरीवरची बाई शेवटच्या तंबूपुढे बसली होती. मी धावत तिच्याजवळ गेलो. आता तिचं बोलणं बदललं होतं. नातीनं हळू आवाजात वाचलं: माझी फणी घरातच राहिली वाटतं.

“दे तिले,” मी म्हटलं. “आपल्या झोल्यात हाय ना. कोनतं बटन?”

तिनं सगळं उघडून पाहिलं.

“द्याचं बटन नाई, आबाजी. विकता येते. देता नाई येत.”

मी तरी दाबत राहिलो. दरवेळी बाई तेच म्हणाली. शेवटी ऑटोवाला दारात हॉर्न वाजवू लागला, तेव्हा नातीनं माझ्या हातातून रिमोट सोडवलं. मी तिला बजावलं, मैत्रिणीला सांग, हे पुसायचं नाही, आणि फणी विकायची नाही.

परवा तिचा फोन आला. फणी आहे म्हणाली. मैत्रिणीनं माझ्या खेळासाठी यंत्रात वेगळी जागा करून ठेवली आहे. दिवाळीला पुढचा भाग आणते म्हणाली. मी विचारलं, त्यातलं गाव नदीपासून किती लांब आहे?

“नदीच नाई त्यात.”

“मग कायनं जाते?”

“आगीनं.”

पलीकडे सांदवाडीत म्हातारीची चूल पेटली होती, मी तिकडे पाहत राहिलो. मग नातीला म्हटलं, घेऊन ये. पण पेट्या पयल्याच दिवशी उघडू.