पहिलीच्या बाकावर

इस्त्रीवालीचा राग तिच्या इस्त्रीसारखाच होता. तापायला वेळ घ्यायचा, पण एकदा तापला की हात लावायची सोय नव्हती. त्या दुपारी तिची मुलगी दप्तर फरफटत जिन्याखालच्या दुकानात आली आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर उपडी पडून रडायला लागली.

मुलगी सहावीतली. वय लहान, पण उंची आईच्या वर गेलेली, म्हणून घरीदारी सगळे तिला शिडीच म्हणायचे.

"अगं, झालं काय ते सांगशील, की नुसतं भोकाड पसरशील? चादरी ओल्या करू नकोस, त्या लोकांच्या आहेत."

"तोफबाईंनी मला पहिलीच्या पोरांत बसवलं."

"का? काय दिवे लावलेस?"

"काही नाही केलं मी! आणि पाहुण्यांसमोर वाचायलाही पाठवणार नाही म्हणाल्या."

हे ऐकलं मात्र, इस्त्रीवालीने हातातला शर्ट तसाच टाकला आणि बटण बंद केलं.

शाळेला देणगी देणारे पाहुणे पुढच्या आठवड्यात यायचे होते. त्यांच्यासमोर धडा वाचून दाखवायला मोठ्या सरांनी अख्ख्या शाळेतून शिडीला निवडलं होतं. ही बातमी इस्त्रीवालीने प्रत्येक गिऱ्हाइकाला कपड्यांबरोबर घडी घालून पोचवली होती. तिने स्वतः शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी मुलगी शेजारी बसून नदीचा धडा वाचायची आणि ही इस्त्री फिरवत ऐकायची. मनातल्या मनात देवाला म्हणायची, बाबा रे, एवढं दिलंस, आता काही मागत नाही. आणि आता ही कालची आलेली बाई त्यावर पाणी ओतणार?

तोफबाई याच वर्षी शाळेत आल्या होत्या. नाव पोरांनी ठेवलेलं आणि चपखल बसलेलं. सुकलेल्या काटकीएवढी बाई, पण आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा. गॅरेजमध्ये, भंगाराच्या दुकानात, भाजीबाजारात, जिथे शाळेच्या वयाचं पोर दिसेल तिथून त्याला मानगूट धरून वर्गात आणायच्या. मालक शिव्या द्यायचे, त्यांना त्या सव्याज परत करायच्या. त्यांच्या पहिलीच्या वर्गात म्हणून सगळ्या मापाची पोरं होती. त्यांच्यावर त्या दिवसभर खेकसायच्या, आणि नवल म्हणजे सुट्टीच्या दिवशीही ती पोरं त्यांच्या दारात जाऊन बसायची.

मुलीला दप्तरासकट ओढत इस्त्रीवाली पोचली तेव्हा शाळा सुटली होती. तोफबाई एकट्याच फळा पुसत होत्या.

"ओ बाई! माझी पोर सहावीतली आहे, तुम्हाला डोळे आहेत की नाही?"

"आहेत. म्हणूनच खाली आणून बसवली." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तिला वाचता येत नाही."

"वाचता येत नाही? रोज या कानांनी ऐकते मी! ए शिडे, काढ पुस्तक. दाखव वाचून."

शिडीने पुस्तक काढलं, पण उघडेना. आईने कोपराने ढोसल्यावर उघडलं आणि सुरू झाली. नदी डोंगरातून कशी निघते, रानातून कशी वळते, गावाशी येऊन कशी संथ होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं जिथल्या तिथे. इस्त्रीवालीने कंबरेवर हात ठेवले. "ऐकलंत? आता बोला!"

तोफबाई पुढे आल्या. त्यांनी मुलीच्या हातातलं पुस्तक घेऊन आईसमोर धरलं. "पानावर काय दिसतं?"

पानावर एका म्हाताऱ्याचं आणि दोन बैलांचं चित्र होतं. नदी कुठेच नव्हती.

मग बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. "धड्यात हा अकरा वेळा आलाय. काय आहे?"

शिडीने फळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "नदी?"

"नाही."

"झाड? गाव?"

"पाणी," बाई म्हणाल्या. "पाणी लिहिलंय."

इस्त्रीवालीला आधी काही समजेना. समजलं तेव्हा अंगातला सगळा राग हातात उतरला आणि हात मुलीवर उचलला गेला. तोफबाईंनी तो मनगटाजवळ वरच्या वर धरला.

"खबरदार! तिच्या अंगाला हात लावायचा नाही. अहो, नुसतं ऐकून पानंच्या पानं पाठ करते ही पोर. पुढच्या बाकावरची वाचते, ही लक्षात ठेवते. एक अक्षर न ओळखता पाच इयत्ता वर चढली. तुम्हाला जमेल? मला जमणार नाही."

"मग मारू कुणाला?" इस्त्रीवाली ओरडली. "फसवलं ना हिने मला!"

"हिने? पाच वर्षं जे हिला 'पास' म्हणून पुढे ढकलत गेले, त्यांनी फसवलंय. त्यांना माहीत होतं. वर्गात गप्प बसते, त्रास देत नाही, जाऊ दे पुढे! इस्त्रीवालीची पोर वाचून कुठे मोठी साहेबीण होणार आहे?" बाईंचा आवाज आता भिंती हलवत होता. "मला दोन शाळांतून हाकललंय, ते याच तोंडामुळे. इथूनही हाकलतील. पण न वाचणाऱ्या पोराला वाचता येतं, असं मी म्हणणार नाही. आता तुम्ही ठरवा. मुलगी तुमची आहे."

समजुतीचा एक शब्द नाही, पाठीवर हात नाही. फळा पुसायला परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली मोठ्या सरांसमोर उभी राहिली. मोठे सर तोंडाचे फार गोड होते.

"ताई, बसा ना. तुम्ही त्या बाईंचं कशाला मनावर घेता? पाच मिनिटांचं तर काम आहे. पोरगी किती गोड म्हणते!"

"म्हणते, सर. वाचत नाही."

"पाहुण्यांना कुठे फरक कळतोय?" ते हसले. "ते खूश झाले तर दोन खोल्या बांधून देतील. छप्पर बघताय ना, कसं गळतंय? आणि त्या बाईंचं म्हणाल, तर त्यांची बदली माझ्या डोक्यात आहेच. मग शिडी पुन्हा सहावीत. झालं?"

झालं की. सगळं पूर्वीसारखं झालं असतं. पुढचे आठ दिवस इस्त्रीवालीने त्यावर विचार केला आणि दोन कॉलर जाळल्या. संध्याकाळी मुलगी शेजारी बसायची, पण पुस्तक काढायची नाही. नदीचा आवाजच बंद झाला. मायलेकींत बोलणं तुटलं, ते जेवायला वाढण्यापुरतं उरलं.

पाहुणे यायच्या दिवशी आईने गणवेशाला अशी इस्त्री केली की घडीने बोट कापावं. शिडीला वाटलं, आईने मनाशी ठरवलं, आता आपण मंचावर जाणार. शाळेच्या फाटकातून आत शिरल्यावर ती हॉलकडे वळली. आईने तिचा दंड धरला आणि तिला पहिलीच्या वर्गाकडे ओढलं.

"आई, सोड! सगळे हसतील!"

"हसू देत."

"मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही!"

"नको बोलूस. वाचायला शीक, मग चिठ्ठी लिही."

गुडघे बाकावर आपटत शिडी चिमुरड्यांच्या मध्ये बसली. कानशिलं लाल झालेली. तोफबाईंनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि तास पुढे चालू ठेवला. इस्त्रीवाली दाराबाहेर थांबली. पाय निघेना.

हॉलमध्ये मुलगी सापडली नाही, तेव्हा मोठ्या सरांनी पाहुण्यांनाच इकडे आणलं. हसू तोंडावर तसंच चिकटवलेलं. "आणि ही आमची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. लहानग्यांना मदत करायला आली आहे! बाळ, वाच बरं नदीचा धडा." त्यांनी पुस्तक उघडून तिच्यासमोर ठेवलं. पान अगदी बरोबर काढलेलं होतं.

शिडी उठली. बाहेर इस्त्रीवालीने डोळे मिटले, पण देवाकडे काय मागावं तेच तिला सुचेना. पाठ म्हणाली तर? सगळं तोंडावरच तर आहे तिच्या.

"मला येत नाही," शिडी म्हणाली.

पाहुण्यांतल्या एक बाई गोड हसल्या. मोठे सर घाईने म्हणाले, "लाजते हो, लाजते."

"लाजत नाही!" शिडी किंचाळली. आईवरचा, बाईंवरचा, सगळ्या जगावरचा राग त्या आवाजात होता. "वाचता येत नाही मला! सहावीत आहे आणि येत नाही! कुणी शिकवलंच नाही!"

बाकावरची चिमुरडी आ वासून बघत राहिली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी मोठ्या सरांना हळूच काहीतरी विचारलं आणि सरांना उत्तर देताना खोकल्याची उबळ आली. त्यांनी सगळ्यांना लगबगीने बाहेर काढलं. जाता जाता ते इस्त्रीवालीसमोर थांबले. गोडवा पार उतरला होता.

"गेल्या खोल्या. आता गळक्या छपराखाली बसवा पोरीला. समाधान झालं?"

"छप्पर गळतं ते निदान दिसतं, सर," इस्त्रीवाली म्हणाली. "पोर पाच वर्षं कोरडी राहिली, ते तुम्हाला दिसलं नाही. आणि बाईंची बदली करायची असेल तर आधी माझ्या दुकानावरून जा. या गल्लीतल्या प्रत्येक घरात माझ्या हातचे कपडे जातात. बघते कशी करता ती."

सर उत्तर द्यायला तोंड उघडतात, तोच आतून तोफ धडाडली.

"दार लावा! तास चालू आहे!"

इस्त्रीवालीने दार ओढून घेतलं आणि सरांच्या वाटेत उभी राहिली.