नाल्यापलीकडचं मोहाचं झाड

चिचगडच्या पुढे जंगलात जुनी, अवाढव्य झाडं आहेत. ती बघायला आम्ही चौघं अधूनमधून रविवारी गोंदियाहून निघतो, मी आणि तीन निवृत्त शिक्षक. कोहमाऱ्याला चहा, देवरीला नाश्ता, मग गाडी एखाद्या गावात ठेवून पायवाट. मी नर्स. बदली होऊन गोंदियाला येण्याआधी अकरा वर्षं याच भागातल्या उपकेंद्रावर होते, म्हणून वाट विचारायचं काम माझ्याकडे.

गेल्या मार्चमध्ये एका गावात वाट दाखवायला जी बाई पुढे आली तिला मी लगेच ओळखलं. गोंड घरातली, आता पन्नाशीला आलेली. तिचं तिसरं बाळंतपण मी केलं होतं. बाळ वजनाला फार कमी, तिसऱ्या दिवशी गेलं. नाला भरून वाहत होता, मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं. त्याच हिवाळ्यात मी तिला कुटुंबनियोजनाच्या शिबिराला नेऊन ऑपरेशन करवून आणलं. घरात दोन लेकरं, अंगात रक्त नाही. आजही मी तिला तेच सांगितलं असतं. तरी तिने ओळख दाखवली नाही तेव्हा मला बरंच वाटलं. दिवस असाच पार पडावा, एवढीच माझी इच्छा होती.

नाल्याकाठच्या अर्जुनाच्या बुंध्याला आम्हा चौघांचे हात पुरले नाहीत. एका गुरुजींनी टेप काढली.

"मोजून राहिले गुरुजी? मंग तोडाले कवा येता?" बाई म्हणाली. बाकीचे दोघे हसले. गुरुजींनी टेप पिशवीत टाकली.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. वाटेतल्या प्रत्येक मोहाखालचा पाला जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली आणि टोपली घेऊन कोणी ना कोणी वेचत बसलेलं. कोरडा नाला ओलांडल्यावर बाईने वाट सोडली. सगळ्यांत जुनं झाड इकडे आहे, म्हणाली.

झाड खरंच मोठं होतं. बुंध्याशी पोकळी, तीत माणूस उभा राहील एवढी. खाली पाला जाळलेला नव्हता. फुलांचा थर साचला होता, वरची ताजी, खालची आंबून काळी पडलेली. गुरुजी मंडळी फोटो काढून पुढच्या ऐनाच्या झाडाकडे गेली. एवढा चांगला मोह वाया जातोय हे मला बघवेना. मी वाकले, ओढणीत दोन मुठी गोळा केल्या आणि एक फूल तोंडात टाकलं.

"ते नका वेचू बाई," ती म्हणाली. "ते लेकरायचं हाये."

मला हे कळायला हवं होतं. तान्हं लेकरू गेलं की मोहाखाली पुरतात, मोह त्याला दूध पाजतो, हे मी अकरा वर्षांत कितीतरी घरी ऐकलं होतं. जागा बघायला मात्र कधी गेले नव्हते. ओढणीतली फुलं मी खाली ठेवली. तोंडातलं गिळून झालं होतं.

मग ती बोलली. लेकरू इथे पितं, पोट भरलं की त्याच आईच्या पोटी परत येतं. तिच्या जावेचं दुसऱ्याच वर्षी परत आलं. तिचं स्वतःचं अजून इथेच आहे. कधीचं विचारायचं होतं, पण ज्या बाईने बंद केलं तिलाच माहीत असणार, म्हणून दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

"बाई, ते आपरेशन खोलता येते का?"

बघू, असं म्हणता आलं असतं. पेशंटला मी ते पुष्कळदा म्हटलं आहे. मी पाळी विचारली. दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणाली. कधीकधी खोलता येतं, नागपूरला करतात, पण तुझ्या वयाला आता काही उपयोग नाही, मूल राहणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

तिने मान हलवली. बुंध्याकडे वळून ती गोंडीत बोलली. मला कामापुरती गोंडी येते. ती माझीच वाक्यं सांगत होती, त्याच क्रमाने, नागपूरसकट. सांगून झाल्यावर मान किंचित कलती करून उभी राहिली, पलीकडचं माणूस बोलत असताना आपण फोन धरून राहतो तशी. सकाळपासून फुलं टपटप पडत होती. तेवढा वेळ एकही पडलं नाही. मी लक्ष देऊन ऐकत होते म्हणून सांगते.

मग ती माझ्याकडे वळली. "लेकरू मनते, बाईले घडीभर माह्यापाशी बसाले सांग."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी बसले. दुसरी जागा नव्हती म्हणून त्या फुलांवरच बसले. ती माझ्या मागे, हातभर अंतरावर बसली. लांबून एका गुरुजींनी मॅडम, मॅडम म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही. बऱ्याच वेळाने ती "उठा आता" म्हणाली तेव्हा उठले.