बहिणीसाठी नेलेलं लुगडं
परवा सुनेनं नव्या सुती साडीची घडी मोडली आणि खळीच्या वासानं मला ते जुनं लुगडं आठवलं. सोनपेठजवळच्या खेड्यात दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या घरून खूप वर्षांपूर्वी आमच्याकडे सेलूला तार आली होती, 'सीरियस, लगेच या.' तारेत मेली असं कुणी लिहीत नसे. सीरियस म्हणजे माणूस गेलाच, हे सगळ्यांना ठाऊक. सवाष्णीला शेवटचं नेसवायला माहेरचं हिरवं लुगडं लागतं, म्हणून बाजारातून ते घेतलं आणि बायकोसोबत एसटीत बसलो. वर्षभर ती अंथरुणाला खिळली होती आणि मी एकदाही गेलो नव्हतो. वेशीपाशी बायकोनं गळा काढला, मीही रडत दारात पोचलो. बहीण बाजेवर टेकून बसली होती, नुसता हाडांचा सापळा, आणि दाजी तिला पेज पाजत होते. "काल लय वाईट होतं, आज शुद्धीवर हाय," ते म्हणाले. बायकोचं रडणं तोंडातच अडकलं. बहिणीनं माझ्या काखेतलं पुडकं ओढून घेतलं, कागद फाडला आणि हिरव्या काठावरून बोटं फिरवली. "किती वर्सांनी लुगडं आणलंस रे दादा!" दाजींनी मान खाली घातली. तिनं घडी उशाखाली सारली आणि म्हणाली, "येळ आली की हेच नेसवा मला. तुला परत यायचा तरास नको." ती पुढं सात वर्षं जगली. दर भाऊबीजेला मी गेलो, पण दुसरं लुगडं तिनं माझ्याकडून कधी घेतलं नाही, आणि शेवटी तेच नेसून गेली.